कात्रीआधी

अक्का : म्हणजे ऑपरेशनच्या दारातून परत फिरवलं तुला? न कापता?

शिंपी : न कापता, अक्का. आता रडू नकोस, दवाखान्याचा झगा भिजतोय.

अक्का : अरे, पण सगळेच म्हणत होते ना, आतड्यातली गाठ कॅन्सरचीच आहे!

शिंपी : फोटो बघून म्हणत होते. तपासायला काढलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसलाच नव्हता. मोठे डॉक्टर म्हणाले, तुकडाच नीट आला नसेल, कापून मोकळे व्हा. पण कापणाऱ्या डॉक्टरबाई सकाळी उशाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "मामा, तुमचं काम कसं चालतं ते सांगा."

अक्का : मग?

शिंपी : करूनच दाखवलं! इस्त्रीआधी तोंडात पाणी घेऊन कपड्यावर मारतो ना, तसं फुर्रर्र. बाईंचा चष्मा चिंब!

अक्का : मेल्या, मरणाच्या दारातही तुझा पोरकटपणा जात नाही.

शिंपी : त्या हसल्या गं. मग चष्मा पुसता पुसता म्हणाल्या, "पाणी कुठलं?" म्हटलं, दुकानामागच्या पिंपातलं, घोटभर पोटातही जातं. तर म्हणाल्या, घाण पाण्यातला जंतू आतड्यात गाठ धरतो, हुबेहूब कॅन्सरसारखी. पुन्हा तुकडा काढून तोच शोधते.

अक्का : मोठे डॉक्टर भडकले असतील.

शिंपी : लालबुंद! बाई जागच्या हलल्या नाहीत. "शंका असताना कात्री लावणार नाही. चुकले तर दोष माझा."

अक्का : आणि जंतू नसलाच तर?

शिंपी : तर कापतील. पण बघून कापतील.

(काही आठवड्यांनी. शिंप्याचं दुकान.)

अक्का : जीव टांगणीला लागलाय, बोल ना! दुर्बिणीत काय दिसलं?

शिंपी : गाठ विरली. जंतूच होता, गोळ्यांनीच गेला.

अक्का : डोंगर न पोखरताच उंदीर काढला पोरीनं! काय काळीज असेल तिचं! सगळे एकीकडे, ही एकटी एकीकडे... आणि हे काय, फवाऱ्याची बाटली?

शिंपी : त्यांनीच दिली. "पाणी हिच्यातून मारा, तोंड गप्पांना ठेवा."

अक्का : तेवढं मात्र सांगायला नको होतं. आणि हे पांढरं कापड?

शिंपी : बाईंसाठी कोट. माप नजरेनं घेतलंय.

अक्का : मग काप की. तुझी नजर आजवर कधी चुकलीय?

शिंपी : नाही चुकली. पण उद्या टेप घेऊन जातो. खांदे एकदा मोजून येतो, मग कापू.