झोकांडी

(पिंपरीतल्या एका खासगी हॉस्पिटलचा वॉर्ड. समाधान खाटेवर, शेजारी बायको कुसुम, समोर डॉक्टरबाई.)

डॉक्टर : दारू सोडून किती दिवस झाले म्हणालात?

समाधान : तीन वर्षं.

कुसुम : तसं सांगत्यात. पण उन्हाळ्यापासनं चालताना झोकांड्या, जीभ जड. एकदा तर भर चौकात पडले. त्या रात्री मी घरात घेतलं न्हाई. हे आपल्या भावाकडं काळेवाडीला झोपले.

समाधान : कंपनीच्या गेटवर दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकलं, तर झिरो आला. सुपरवायझर म्हणतो, मशीन बिघडलंय. चाकणवरनं मला तसंच माघारी धाडलं.

कुसुम : मलाबी तसंच वाटलं.

डॉक्टर : मशीन ठीक होतं. काल मांडीतून नळी घालून रक्तवाहिन्यांचे फोटो घेतले, त्यात सापडलं. कवटीच्या आतल्या अस्तरात नको तिथे एक जोड झालाय. धमनीतलं जोराचं रक्त थेट शिरेत घुसतंय.

कुसुम : पण आधीच्या डॉक्टरांनी सूज हाय म्हणून स्टिरॉइड दिलं.

डॉक्टर : एमआरआयमध्ये सूजच दिसते. ती का आली, ते काल कळलं. मेंदू मानेला मिळतो ना, तो देठासारखा भाग. चालणं, बोलणं, गिळणं, श्वास, सगळं तिथून चालतं. शीर तुंबल्यामुळे तो सुजलाय. या आजारात स्टिरॉइडने उलट वाढू शकतं.

समाधान : वाढलंच. आता चहासुद्धा नाकातनं येतो.

कुसुम : म्हंजी गटार तुंबलं की मोरीतनं पाणी वर येतं, तसं?

डॉक्टर : अगदी तसंच.

कुसुम : मग डोकं उघडायचं?

डॉक्टर : नाही. परत मांडीतूनच वर जायचं आणि डिंकासारखं औषध सोडून तो जोड बुजवायचा.

समाधान : रिस्क?

डॉक्टर : आहे. औषध भलत्या नळीत गेलं तर पॅरालिसिस होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. बहुतेकांना तसं होत नाही. थांबलो, तर मात्र श्वासावर येईल.

समाधान : नीट चालेन ना पण?

डॉक्टर : सुधाराल. पहिल्यासारखं होईल, असा शब्द मी देत नाही. उशीर झालाय.

कुसुम : तो माझ्यामुळं झाला.

समाधान : असू दे गं. आधी दोनदा सोडली म्हणून तुझी शपथ घेतली आणि पिऊन आलो. तू तरी कशी मानणार?

डॉक्टर : मला आजच सांगा. कुसुमताई, काय करायचं?

कुसुम : मला नका इचारू, मॅडम. चार महिनं हे सांगत व्हते, मी प्यालो न्हाई म्हणून. मी एकदाबी ऐकलं न्हाई. आता यांनाच इचारा. हे म्हणतील ते खरं.