मोटर चालू झाली का?

…मंग काय त, महिनाभर माह्या घरात भांडन चालू होतं, आन् भांडन कायचं? कागद कसा लिहाचा याचं! काय लिहाचं हे नाही जी, कसा लिहाचा. तुमाले सांगते, पंगत बसली हाये, चुलीवर भात नाही, आन् हे पोट्टे भांडून राह्यले का पत्रावळ पळसाची पाह्यजे का मोहाची.

तुमी म्हनान, बेबीताई, नीट सांग. सांगते ना. माही नात अपेक्षा, तिनं तीन दोस्तायसंग मोबाईलचं एक सॉफ्टवेअर बनवलं. घरी बसून बटन दाबा, वावरातली विहिरीवरची मोटर चालू. फुकट. वरून म्हनते, आतून कसं बनवलं थे बी उघडं ठेवलं, कोनीबी घ्या, कोनीबी सुधरवा. म्हनलं बरं हाये, आपल्याकडे त लोक दुसऱ्याची सून बी सुधरवाले तयार असतात. पन पुढच्या महिन्यात अपेक्षा नोकरीले नागपूरले चालली होती, आन् हे कसं लावाचं, कसं चालवाचं, थे सगळं तिच्या डोक्यात. "आजी, मी गेली का लोकायले कोन सांगन? लिहून नाही ठेवलं त बंदच पडते हे." डोळे भरून आले पोरीचे. मी चौथी शिकली, बोट ठेवून वाचते, पन म्हनलं, तुह्या कागदावरून मीच मोटर चालू करून दाखवीन. कोनाले न विचारता.

बसली सभा मोबाईलवर, चार चौकोनात चार तोंडं. नौशादचं आर्णीत मोटर वायंडिंगचं दुकान हाये, थो म्हने, "व्हिडिओ बनवू, वाचते कोन आजकाल?" बनवला. गेली मी वावरात, लावला, त नुसतं गोल फिरून राह्यलं, फिरून राह्यलं, नेटवर्कची काडी एक… हरभरा पिकून सोंगून झाला असता, पन थे गोल थांबलं नसतं. मोटर चालू झाली का? नाही.

जेबा पुन्याच्या कंपनीत हाये, तिचं सगळं इस्त्री केल्यावानी. "पीडीएफच करू, कव्हर पाहिजे, अनुक्रमणिका पाहिजे." झाली पीडीएफ. उघडली त अक्षरं मुंगीच्या पायायवानी. मोठी केली त ओळीचं शेपूट पडद्याच्या बाहेर, शेपूट पकडाले गेली त मुंडकं गायब. मोटर चालू झाली का? नाही.

अपेक्षा म्हने, "साधा मजकूर ठेवा, मार्कडाऊन. मथळ्यापुढं जाळीवानी बारीक खूण टाकली का मथळा झाला, कोनत्याबी मोबाईलवर उघडते." त बाकीचे म्हनतात, लय गरिबावानी दिसते. आता शंकरसिंग राह्यला, थो पुसदचा, तावातावानं बोलनारा. "विकी करू. कोनीबी वाचा, कोनीबी बदला. नाही त मी चाललो सोडून." मी मांगून हळूच इचारलं, "कोनीबी बदला म्हंजे… मी बी?"

"हो आजी, तुमी बी."

चुकला बिचारा.

दुसऱ्या दिवशी विकी तयार झाली. अपेक्षा आंघोळीले गेली, मी तिचा मोबाईल घेतला, विकी उघडली, माईकचं चित्र दाबलं आन् बोलली. सगळ्यात वर, पहिली पायरी: "आधी घरातल्या बुढीले अद्रक टाकून चहा करून द्यावा. तिचा पिऊन झाल्याबिगर बटनाले हात लावू नये." ठेवून देला मोबाईल जाग्यावर.

आठ दिवस गेले जी! आठ दिवसात तीन सभा झाल्या, अक्षर जाड का बारीक याच्यावर शंकरसिंग दोनदा रुसला, पन माह्या चहाबद्दल कोनी बोललं का? कोनी वाचलंच नाही त बोलन काय. मी पदरात तोंड घालून हासून राह्यली.

नवव्या दिवशी पांढरकवड्याहून फोन. धर्मपाल नावाचा मानूस. "मॅडम, चहा देला, आमची बुढी लय खुश हाये. पन मोटर चालू नाही झाली."

अपेक्षाले समजेच ना, कायचा चहा. उघडून पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं. म्हनलं, पाहतं काय व, धर्मपालले इचार कुठी अडला. त थो चौथ्या पायरीवर अडला होता, "खालच्या चित्रात दाखवलेलं बटन दाबा", आन् खाली चित्रच नाही. इकडून तिकडे हलवता हलवता गळून पडलं.

त्याच दिवशी चौघायले सभेत बसवलं. "तुमी चार शिकलेले, आठ दिवस पत्रावळीवर भांडले. जेवाले आला एक धर्मपाल, त्याच्या पानात भात नाही. आता मी बोट ठेवून वाचते. जिथं माहं बोट थांबन, तिथं तुमी चुकले." बोट अकरा जागी थांबलं. अकरा जागा दुरुस्त झाल्या. चित्राची ओळ काढून टाकली, "हिरव्या बटनाच्या डाव्या हाताचं" असं लिहिलं. साधा मजकूरच ठरला, अपेक्षाचा. नौशादनं थोच मोठ्या अक्षरात छापून वावरातल्या स्टार्टरच्या पेटीच्या झाकनाले आतून चिकटवला. मी एकटी गेली, वाचलं, दाबलं. पानी धो धो.

आता कोनीबी बदला बंद. बदल पाह्यजे त अर्ज करा, अपेक्षा नागपूरहून मंजूर करन. पहिला अर्ज कोनाचा? धर्मपालचा. "चहाची ओळ काढू नका, आमची बुढी रुसते." मंजूर!

म्हनून सांगते, जिथं जिथं हे सॉफ्टवेअर गेलं, तिथं तिथं बुढ्यायले अद्रकाचा चहा भेटून राह्यला. अपेक्षा सुट्टीत घरी येते, खाटेवर बसूनच मोटर चालू करते, तिले कायले कागद पाह्यजे, तिनंच त लिहिला… आमच्या घरी मोटर चालू झाली का? झाली ना.

चहा भेटला का? नाही.