पहिलं लोखंड

भंगारवाल्याच्या काट्यापाशी शिंपीणबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे एक म्हातारा लोहार आणि नुकतीच हातोडा धरायला शिकलेली त्याची सून.

"ट्रकचा कमानपाटा घे, पोरी. अस्सल पोलाद! झकास सुरी होईल."

"तापवून पाणी देताना चुकले तर तडकेल, मामंजी. मला साधी सळई हवी. वाकेल, पण तुटणार नाही."

"तिचं काय करणार?"

"न्हाणीत भिंतीला दांडा. तुम्हाला धरायला."

"मला? मी काय म्हातारा झालोय?"

"परवा घसरलात ना?"

"कुणी चुगली केली?"

"तुमच्या कोपरानं."

म्हाताऱ्यानं बाही कोपरावर ओढली आणि सुनेच्या हातातल्या सळईकडे पाहिलं.

"मग ती बारकी ठेव. जाड घे. सगळा भार टाकणार आहे मी."

"टाका बिनधास्त."

शिंपीणबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली आणि सुनेनं धरलेल्या जाड सळईचं दुसरं टोक उचललं.