ऊन लागू नये म्हणून

मिसाओ : चहा नको, ओगावासाहेब. आत्याला फक्त एक खुर्ची द्या. इथेच, काचेसमोर. वडिलांसमोर बसू दे तिला.

ओगावा : चिनेनबाई, ही कवटी त्यांच्या वडिलांचीच आहे हे समितीने अजून…

कामादो : मग पाटीवर आमच्या गावाचं नाव कोणी लिहिलं? मांजराने?

ओगावा : आजी, संग्रहालयाने त्यांना फार आदराने ठेवलंय. लोक येऊन मान लववतात.

मिसाओ : मान लववतात आणि आपापल्या घरी जातात. आजोबा इथेच राहतात.

ओगावा : त्यांच्यामुळे मुलांना ओकिनावाचा इतिहास कळतो.

कामादो : तुमच्या वडिलांचं डोकं ठेवा की. ते तर शिकलेले असतील.

मिसाओ : आत्या.

कामादो : बरं बाई, गप्प बसते.

मिसाओ : साहेब, आमच्याकडे माणूस गेला की काही वर्षांनी घरच्या बायका त्याची हाडं धुतात. माझी आई तेव्हा नवी नवरी होती. सासऱ्यांची हाडं तिने धुतली, मडक्यात रचली. तळाशी पाय, मग चढत चढत वर, शेवटी डोकं. माणूस बसल्यासारखा. थडग्यातून ते उचलून नेणाऱ्या तुमच्या प्राध्यापकांना शोधावंही लागलं नसेल. झाकण काढलं की डोकंच.

ओगावा : त्यांनी परवानगी घेतली असेल.

कामादो : कोणाची? आम्ही सगळे उसात होतो.

मिसाओ : आई या वसंतात गेली. जाण्याआधी सांगून ठेवलं, सासऱ्यांचं डोकं आल्याशिवाय मला थडग्यात ठेवू नका, मी कोणत्या तोंडाने त्यांच्या शेजारी बसू? आता आमच्याकडेही दहन करतात; तिच्या अस्थी अजून घरीच आहेत.

ओगावा : फार वाईट वाटलं ऐकून. पण समिती शरदात बसते. त्याआधी माझ्या हातात काही नाही.

मिसाओ : मग शरदापर्यंत आम्ही रोज येऊ.

(कामादो उठते, पिशवीतून काळी छत्री काढते आणि पेटीवरच्या दिव्याखाली उघडून धरते.)

ओगावा : आजी, इथे हे चालत नाही.

कामादो : धुतलेल्या हाडांना ऊन लागू द्यायचं नसतं. वहिनी धूत होती तेव्हा छत्री मीच धरली होती. एकदा फुलपाखराकडे बघत राहिले, तर ओल्या हाताची चापट बसली.

ओगावा : पण हे ऊन नाही. दिवा आहे.

कामादो : त्यांना विचारलंत?

मिसाओ : हात दुखला की सांग आत्या, मी धरते. साहेब, दालन बंद झालं की दिवाही जातो ना?

ओगावा : जातो.

मिसाओ : मग तोवरच धरायची. उद्या पुन्हा.

ओगावा : …थांबा. बटण त्या खांबामागे आहे.

मिसाओ : गेला दिवा, आत्या. मिट आता छत्री.

कामादो : वहिनी बस म्हणेपर्यंत मिटायची नसते.