पितृपक्षातला अँप्लिफायर

वॉरंटी कार्ड कधी शाईनं भरू नका, माझं ऐका. सुरतेत लिंबायतला कापडाच्या लूमवर मास्तर असताना कित्येक वर्षं मन मारून मी एक परदेशी अँप्लिफायर घेतला. दुकानात एकच नग उरला होता, म्हणून पितृपक्ष लागला त्याच दिवशी घेऊन आलो. बायको म्हणाली, "आणलात ते आणलात. आता घटस्थापनेपर्यंत पेटी उघडायची नाही."

मीही नाही उघडली.

घटस्थापनेला पेटी फोडून हळदकुंकू वाहिलं. आत कार्ड होतं. मी लगेच नाव, पत्ता, नंबर आणि खरेदीची तारीख सुवाच्य अक्षरात भरली. मग भजनाची कॅसेट लावली, तर डाव्या बाजूनं आवाजच नाही. कार्ड उलटून वाचलं. खरेदीपासून दहा दिवसांत ते कंपनीकडे पोचलं नाही, तर वॉरंटी लागू नाही.

दुकानात धावलो. शेठ म्हणाले, "काका, एवढी चिंता कशाला? बिल आजच्या तारखेचं करून देतो, कार्डही आजचं भरू."

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी शाईतल्या तारखेवर अंगठा घासून पाहिला.

"खाडाखोड असली की कंपनी परत पाठवते," ते म्हणाले.

"दुसरं कार्ड?"

"पेटीत एकच येतं. इतकं खरं लिहायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

बाहेरच्या मेकॅनिकला त्याचा पार्ट सुरतेत मिळाला नाही. त्या कॅसेटमध्ये बुवांचा आवाज डावीकडे आहे आणि टाळ उजवीकडे. चार वर्षं झाली, आमच्या घरी टाळ फार सुरेख वाजतात.