कडू म्हणायचं नाही!

...पण मी म्हणतो, कडूला कडू म्हणायचं नाही तर मग म्हणायचं तरी काय हो? आँ? तुम्हीच सांगा! ज्या माणसाची कडू ओळखण्यात हयात गेली, ज्याच्या त्या एका शब्दावर घर चाललं, त्या माणसाला, म्हणजे आमच्या थोरल्या भावाला, त्याच्या पोटच्या पोरीने समोर बसवून बजावावं की बाबा, काही झालं तरी तिथे कडू म्हणायचं नाही! आता हे म्हणजे पोस्टमनला सांगायचं की बाबा रे, दारोदार फीर, पण पत्र तेवढं देऊ नकोस.

थांबा, तुम्हाला नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्यालाच चढली आहे. मी पीत नाही. म्हणून तर गाडी चालवायला मला नेलं होतं.

आमचे थोरले औषधांच्या कारखान्यात आहेत. चव विभागात. हसू नका, असतो असा विभाग! लहान मुलांची पातळ औषधं असतात ना, तापाची, खोकल्याची, त्यातलं मूळ औषध इतकं जहाल असतं की पोर ते गिळायच्या ऐवजी आईच्या अंगावर फवारतं. तर ते किती कडू आहे आणि ते झाकायला त्यात काय काय घालावं लागेल, हे सांगायचं काम थोरल्यांचं. पांढरा कोट, पांढऱ्या फरशा, समोर स्टीलचं बेसिन. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, पचकन थुंकायचा, चूळ भरायची, फिक्या बिस्किटाचा तुकडा चावायचा आणि आकडा सांगायचा. शून्य म्हणजे पाणी, पाच म्हणजे पळा! गिळायचं मात्र नाही, अजिबात नाही. हाडात मुरलंय हो ते त्यांच्या. घरी चहासुद्धा आधी गालातल्या गालात फिरवतात, मग वहिनी ओरडतात, "अहो, चहा आहे तो, गिळा!" की मग गिळतात.

आणि अशा माणसाच्या मुलीने लग्न कोणाशी ठरवावं? बियरवाल्याशी! पिणारा नाही हो, पिणारे काय गल्लोगल्ली आहेत, हा करणारा! चांगला शिकलेला, सरळ नाकाचा, "काका, काका" करणारा मुलगा, पण नोकरी सोडून एक जुनं गोदाम घेतलंय आणि त्यात पिंपं मांडून बियर करतो. पहिल्यांदा घरी आला तो दोन बाटल्या घेऊन आला. स्वतःच्या हातची! थोरल्यांनी घोट घेतला. फिरवला. उठले. आत गेले. सिंकमध्ये थुंकले, चूळ भरली, नॅपकिनला तोंड पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "साडेचार. पण तू काळजी करू नकोस, साखरेचा पाक आणि थोडा संत्र्याचा वास घातला ना, की लहान पोरंसुद्धा आनंदाने पितील."

लहान पोरं! बियर!

तो मुलगा हसला हो, अगदी मनापासून हसला. पण पोरगी? पोरीने महिनाभर बापाशी अबोला धरला. जेवायला बसायची ती ताटाकडे बघत. आईला सांगायची, "बाबांना म्हणावं मीठ सरकवा." आणि बाप समोर! हातभर अंतरावर! थोरले दिवसभर कारखान्यात विषासारखी औषधं चाखायचे, पण त्यांना म्हणे घरचं जेवण त्याहून कडू लागायला लागलं. शेवटी एकदा ती बोलली. काय बोलली? "रविवारी तो आपली नवी बियर लोकांना चाखायला देणार आहे, तुम्हाला मुद्दाम बोलावलंय. यायचं असेल तर या. पण तिथे कडू म्हणायचं नाही! म्हणालात, तर मी सरळ सही करून लग्न करीन आणि तुम्हाला नंतर फोनवर कळवीन."

फोनवर! एकुलती एक मुलगी! थोरल्यांचा चेहरा मी पाहिलाय, तुम्हाला सांगतो, औषध प्यायलेल्या पोरांचा बरा.

मग काय, तालीम सुरू. बिनसाखरेची काळी कॉफी समोर ठेवली, एका बाजूला मुलगी, एका बाजूला वहिनी. "घ्या घोट. गिळा. सांगा आता, कशी आहे?" थोरले डोळे मिटून म्हणतात, "क..." "बाबा!" "क... क... कमाल आहे!" असं करत करत अख्खी किटली संपली, माणूस रात्रभर टक्क जागा, पण पाठ झालं. कडू म्हणायचं नाही!

रविवारी दुपारी सगळे गेलो, वहिनीसुद्धा. मोठं गोदाम, ओली फरशी, माणसाच्या दुप्पट उंचीची चकचकीत स्टीलची पिंपं, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला रबरी पाइप, आणि मधल्या लाकडी टेबलाभोवती दहा-बारा माणसं. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये एक दाढीवाला. आता हा दाढीवाला बियर करत नाही, विकत नाही, तो बियर समजावतो! आहे म्हणे असा धंदा. आपण पाणी पितो तसं घटाघटा प्यायलात तर त्याचा अपमान होतो. गोड पेढ्यासारख्या आवाजात सांगायला लागला, "मित्रांनो, आज आपल्यासमोर आहे अस्सल अमेरिकन पद्धतीची पेल एल बियर. घाई नको. आधी डोळ्यांनी प्या. मग नाकाने प्या. तोंडाचा नंबर सगळ्यात शेवटी." आता डोळ्यांनी प्यायची तर ग्लास कशाला भरायचा, फोटो दाखवा ना! पण सगळ्यांनी ग्लास वर उजेडात धरले. दिसायला छान होती, खोटं कशाला बोलू. तांबूस सोनेरी, वर साईसारखा पांढरा फेस. मग सगळ्यांनी नाकं खुपसली. दाढीवाला डोळे मिटून म्हणतो, "अहाहा... मोसंबीची साल... पाइनच्या झाडाचा चीक... आणि लांबून कुठूनतरी फुलं... हे सगळं हॉप्सचं देणं." हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं असतात, हिरवी, ती उकळताना घालतात आणि त्यांनीच ती एवढी... काय? बघा, माझ्यासुद्धा तोंडात येत होतं! कडू म्हणायचं नाही! दाढीवाला तर म्हणतच नव्हता. तो म्हणे, "ही ठाम आहे. ही स्पष्टवक्ती आहे. हिला स्वतःचं मत आहे." अरे, बियर आहे का आत्याबाई?

झालं. सगळ्यांनी घोट घेतला. थोरल्यांनीही घेतला. आणि इथे घोटाळा झाला हो! इतक्या वर्षांची सवय, ती काय एका किटलीने जाते? गालात फिरवला, डावीकडे, उजवीकडे, आणि आता थुंकायची वेळ आली तर बेसिन कुठाय? इकडे बघतात, तिकडे बघतात, गाल फुगलेले, डोळे बाहेर, मुलगी समोरून मानेनेच "नको, नको" करतेय... आणि पचाक! परत ग्लासात!

सगळ्या माना थोरल्यांकडे.

पोरीने तोंड ओंजळीत लपवलं. मी म्हटलं, संपलं, आता फोनच येणार. पण तेवढ्यात दाढीवाला काय म्हणाला माहितीये? "वा! वा! हे कोण जाणकार आहेत? मित्रांनो, बघा, मोठमोठे परीक्षक असेच चाखतात!" आणि त्याने स्वतः एक घोट घेतला, गालात फिरवला आणि थुंकला! त्याचं बघून दुसरा थुंकला, तिसरी थुंकली, एक टाय घातलेले गृहस्थ तर दोनदा थुंकले! तो बिचारा पोरगा, आमचा होणारा जावई, कित्येक आठवडे राबून केलेली बियर लोक पचापच थुंकतायत आणि हा मध्ये हात जोडून धावतोय, "अहो, नको, प्लीज, बियर थुंकत नाहीत, गिळायची असते! खरी चव घशाशी कळते!"

गिळायची असते! थोरल्यांनी पोरीकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरलेले. बापाचं काळीज हो ते... त्यांनी नवा ग्लास उचलला, डोळे मिटले आणि गिळली! चव विभागातल्या माणसाने! दाढीवाला लगेच कान टवकारून, "काय जाणवलं, सर?" आता सगळे बघतायत. कडू म्हणायचं नाही! थोरल्यांना पाठ केलेलं काही आठवेना, समोर जे दिसलं ते बोलायला लागले. "ओली... ओली फरशी. लाकूड. आणि मागून हळूच... रबर."

"रबर!" दाढीवाला किंचाळला. "बरोब्बर! मलाही केव्हाचं वाटत होतं, शब्द सापडत नव्हता!" आणि टायवाले गृहस्थ म्हणतात, "मला तर पहिल्या घोटालाच रबर आलं." टाळ्या! टाळ्या पडल्या हो! पोरगी हसली, महिन्याभराने बापाकडे बघून हसली, आणि थोरल्यांनी त्या आनंदात उरलेला ग्लास संपवला.

आणि मग काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, म्हणून तुम्हाला सांगतोय. इतकी वर्षं हा माणूस कडू आलं की थुंकायचा. कडूच्या पुढे काय असतं हे त्यांना माहीतच नव्हतं! गिळल्यावर म्हणे आधी जिभेच्या मुळाशी चरचरलं, मग तिथेच भाजलेल्या बिस्किटासारखी खरपूस गोडी आली, मग मोसंबीच्या सालीचा वास नाकातून वर आला, आणि तोंड असं स्वच्छ झालं की आपोआप दुसऱ्या ग्लासाकडे हात गेला. आवडली! मनापासून आवडली! कुठे काही झाकलेलं नाही, पाक नाही, संत्र्याचा वास नाही, जे आहे ते समोर. थोरल्यांना तर गहिवरून आलं.

तेवढ्यात त्या पोराने त्यांना पिंपांच्या मागे ओढलं. मी तिथेच भिंतीला टेकून उभा. पोरगा हळू आवाजात म्हणतो, "काका, आता खरं सांगा. इथे सगळे छान म्हणतात, रबर म्हणतात, काय वाटेल ते म्हणतात. तोंडावर खरं बोललेले तुम्ही एकटेच. मी सगळं ह्या बियरवर लावलंय. जास्त कडू झालीय ना?"

थोरले छातीवर हात ठेवून म्हणाले, "नाही रे बाळा. सुरेख आहे. मला फार आवडली."

पोराचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्हीसुद्धा, काका?"

"अरे, शपथ! अजून एक दे!"

"तिने शिकवलं ना तुम्हाला? कडू म्हणायचं नाही म्हणून?"

आता थोरले खोटं बोलण्यात कच्चे. ते ग्लासाच्या बुडाकडे बघायला लागले. झालं! पोरगा तरातरा गेला, पोरीला घेऊन आला आणि सुरू! "तू ह्यांना खोटं बोलायला शिकवलंस? एक माणूस होता मला खरं सांगणारा!" "मी तुझ्यासाठीच केलं!" "उद्या तूही मला असंच छान छान म्हणणार? जन्मभर?" "म्हणजे मी खोटारडी?" "मग काय?" "मग नको करूस लग्न!" "बरं, नको!" आणि मध्ये थोरले, हातात रिकामा ग्लास, "अरे, पण मला खरंच आवडली... अगं, त्याला सांग ना... मला खरंच..." कोण ऐकतंय? जितकं जास्त सांगावं तितकं ते खोटं वाटतंय! पोरीने पर्स उचलली. दाराकडे निघाली. रडत.

तुम्हाला सांगतो, त्या माणसाने एकदा मुलीच्या पाठीकडे पाहिलं, एकदा ग्लासाकडे पाहिलं, आणि कारखान्यात ओरडतात तसे ओरडले, "पाच! पाचपैकी पाच! कडूजहर आहे! तोंडात धरवत नाही!"

पोरगी थांबली. पोरगा वळला. आणि धावत येऊन थोरल्यांना मिठीच मारली हो! "थँक यू, काका! मला माहीत होतं!" पोरगीही परत आली, डोळे पुसत म्हणाली, "सॉरी बाबा, मी तुम्हाला असं अडवायला नको होतं." जन्मभर चवीच्या बाबतीत शब्दाला पक्का माणूस, आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा बोलला, आणि त्याच दिवशी खरं बोलणारा म्हणून त्याची पाठ थोपटली! वहिनी तर अभिमानाने रडल्या.

लग्न झालं. छान झालं. पोराने काकांच्या शब्दाखातर त्या बियरची सगळी कृती बदलली. हॉप्स जवळजवळ काढूनच टाकले. आता तिच्यात मध घालतो. आणि पीच. आणि वर कसलंतरी व्हॅनिला. गुळगुळीत, चिकट, खोकल्याच्या औषधासारखी लागते म्हणे. खपते मात्र जोरात, दाढीवाला तिला "समंजस" म्हणतो. दर रविवारी जावई एक भला मोठा ग्लास भरून स्वतःच्या हाताने थोरल्यांच्या पुढे ठेवतो आणि दोघं नवरा-बायको समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात.

परवा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, खरं सांगा, कशी लागते हो?" थोरल्यांनी आत हसण्याचा आवाज येत होता तिकडे पाहिलं, डोळे मिटून घोट गिळला आणि म्हणाले, "भांडत नाहीत ना दोघं? मग ओत अजून थोडी."