दुसरा भाग कसा हाय ते सांगायचं व्हतं

मी मूळचा निमोण्याचा. बाप लोकाची जनावरं वळायचा, मला सातवीतनं काढलं आन् मावशीकडं न्हावऱ्याला धाडलं, तिथं दूध डेअरीवर कॅन धुवायला लागलो तो आजपतोर तिथंच हाय. आता दूध तपासतो. फॅटचं मशीन मागनं आलं, आधी ह्येच नाक आन् हीच जीभ. झाकण उघडलं की सांगतो, पाणी किती, शिळं किती. सख्ख्या चुलत्याचं दूध परत पाठवलंय मी, सरपंचाचं पाठवलंय. लोक म्हणत्यात माणूस तिरसट हाय. हाय तर हाय. वाईटाला चांगलं म्हणायला माझी जीभ वळत न्हाई.

तर माझा पोरगा अक्षय, त्याच्या पाठीवर एक बहीण, स्वाती. अक्षय रांजणगावला कंपनीत लागला आन् पगार झाल्या झाल्या म्हणला, आप्पा चला, पुण्याला पिक्चर दावतो. मला वाटलं मराठी आसंल. बसल्यावर बघतो तर इंग्रजी, हिंदीत बोलवलेला, सगळं आभाळातलं. पृथ्वी गार पडल्याली, माणसं जहाजात बसून दुसऱ्या कुठल्या ग्रहावर चाललेली. काय सांगू तुम्हाला, निम्मं डोक्यावरनं गेलं. पर त्यात एक पोरगं व्हतं. जहाजाचं दार आतनं लागंना, तवा ते बाहेर उतरलं, बाहेरनं दार लावलं आन् तिथंच गोठून मेलं, आन् त्याची आई आतनं काचेतनं बघती. माझ्या डोळ्याला पाणी आलं. अंधारात गुपचूप पुसलं, पर ह्यानं बघितलंच.

बाहेर आल्यावर म्हणला, कसा हाय? मी म्हणलं, तेवढं पोरगं सोडलं तर बाकी सगळी भेसळ, आन् पैसं पुरं घेतलं, गोष्ट अर्धीच दिली. अक्षय आसा तापला म्हणता! आप्पा तुम्हाला कळत न्हाई, दुसरा भाग येणार हाय, तो बघा आन् मग बोला. शिरूरपतोर एसटीत भांडला. मला बी चेव आला, मी बी भांडलो, कंडक्टर म्हणला, बापलेक हाय का भाऊबंद? घरी आलो तर जेवताना परत तेच. आमचं कायम आसंच. मी पूर्व म्हणलं की त्यानं पश्चिम म्हणायचं.

त्याच्या पुढल्या गळीत हंगामात, दिवस मावळताना, कंपनीतनं गाडीवर येत व्हता. उसाची ट्रॉली रस्त्यात उभी, मागं ना लाल दिवा ना काय. एवढंच सांगतो, पुढचं विचारू नका.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवंना. झाडावर कावळं बसल्यालं, खाली एक बी येईना. खुटबावचा माझा मेहुणा म्हणला, स्वातीचं लगीन आम्ही थाटात लावू. न्हाई. त्याचा चुलता म्हणला, तुझ्या आईला काय कमी पडू देणार न्हाई. न्हाई. ऊन डोक्यावर आलं, लोक म्हणाय लागली, दर्भाचा कावळा करा आन् उरका. तवा मी पुढं गेलो, हात जोडलं, म्हणलं, बाबा, दुसरा भाग बघतो आन् कसा हाय ते तुला सांगतो. शिवला की वो! मेहुणा म्हणतोय, कसला दुसरा भाग? मी त्येला काय सांगायचं.

मग पिक्चर आला, आन् थेटरला जायाचा धीर झाला न्हाई. शेजारच्या खुर्चीत कोण येऊन बसंल? नंतर तो टीव्हीवर आला, स्वातीनं लावून द्यायची तयारी केली, आन् मीच आज न्हाई उद्या करत महिनं काढलं. खरं सांगू का, एकदा बघितला की त्याचं शेवटचं काम संपलं, मग माझ्याकडं त्याचं काय राहिलं? अक्षयची आई म्हणायची, पोरगं खोळंबलं आसंल वो, किती ताटकळत ठेवता?

शेवटी एका रविवारी दुपारी बसलो तिघं. निसता दणदणाट, हिकडं आग, तिकडं आग. आन् अर्ध्यात काय दावत्यात, तर ते गोठून मेलेलं पोरगं जित्तं! काचेच्या पेटीतनं उठून आलं. आईच्या गळ्यात पडलं, दोघं हसत्यात. कसा जगला, काय न्हाई, धड सांगितलं बी न्हाई. अक्षयच्या आईनं टीव्हीकडं बघत मला ईचारलं, त्या बाईनं कुठला नवस केला आसंल वो? आन् उठून गोठ्यात गेली. स्वाती म्हणली, आप्पा, बंद करू? म्हणलं, न्हाई, शब्द दिलाय. पार नावं संपूस्तोवर बघितला.

अक्षयची आई परत आली ती पदरानं डोळं पुसतच. म्हणली, त्येला चांगला हाय म्हणून सांगा, तुमच्या पाया पडते, त्याच्या जिवाला बरं वाटंल. मी फोटोपुढं उभा राहिलो. चांगला हाय एवढंच म्हणायचं व्हतं. पर तोंडातनं यीना. पहिल्या भागात एकच गोष्ट खरी व्हती, ती बी ह्यांनी पुसून टाकली. मेलेलं माणूस आसं येत आसतं का? मी म्हणलं, बाबा, वाईट हाय. पहिल्यापरीस वाईट. त्या पोराला जित्तं केलं ते खोटं केलं. मी म्हणत व्हतो तेच खरं.

आन् थांबलो. आप्पा तुम्हाला कळत न्हाई, आसं म्हणंल म्हणून थांबलो. लई येळ थांबलो. कुणी भांडाय आलं न्हाई.

ह्यात मी जिंकलो म्हणायचं. आता सकाळी पाचला डेअरी, संध्याकाळी पाचला डेअरी, मी सांगतो ते सगळी ऐकत्यात, कुणी उलटून बोलत न्हाई. तुम्हाला पोरगं हाय म्हणता ना? लई आयुष्य मिळू दे त्येला. आन् तुमच्याशी रोज भांडू दे.